दोन गोण्या कळीचा चुना: एक उकळतो, एक ढिम्म. असं का?

हार्बरलाइन (धागाकर्ता)

मंडळी, राहायला चुनाभट्टी आणि नोकरीला तळोजा एमआयडीसी, त्यामुळे चुन्याशी नातं पत्त्यातच आहे. एका कंपनीच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाण्याच्या प्लांटवर काम करतो. आमच्याकडे येणारं पाणी आम्लधर्मी असतं, ते चुन्याने मारावं लागतं. आजवर विरवलेल्या चुन्याची तयार फक्की यायची. आता वरून हुकूम आलाय की खर्च कमी करा, कळीचा चुना आणा आणि इथेच विरवा.

दोन सप्लायरकडून नमुन्याच्या गोण्या मागवल्या. दोघांच्या सर्टिफिकेटवर कॅल्शियम ऑक्साइड ८५ टक्के. पहिल्या गोणीतले खडे पाण्यात टाकले तर बघता बघता टाकी वाफाळली, झाकण धरवेना. दुसऱ्या गोणीतले टाकले तर ढिम्म. बऱ्याच वेळाने पाणी कोमट झालं आणि तळाशी गोटे तसेच राहिले. दुसरा माल अर्थातच स्वस्त. खरेदी खात्याचं म्हणणं, टक्केवारी सारखी आहे ना, मग महागडा कशाला?

माझं रसायनशास्त्र बारावीपुरतं. 'चुनखडी तापवली की चुना मिळतो' हे एक वाक्य आठवतं. मग तापवण्यात असं काय वेगळं होतं की एकाच टक्केवारीचे दोन चुने इतके निराळे वागतात? कुणी भट्टीवर काम केलेलं असेल तर नीट सांगा.

तिसरी_घंटा

दुसऱ्या सप्लायरने चुना लावला, हे उत्तर कुणीतरी देणारच होतं, ते मी देऊन टाकतो. आता जाणकारांनी बोलावं.

भट्टीकर

हार्बरलाइन, उत्तर लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. माझी उमेदीची वर्षं चुन्याच्या भट्ट्यांवर गेली, आधी राजस्थानात गोटनच्या बाजूला, मग एका पोलाद कारखान्यात. आता मुलुंडला निवांत.

पुस्तकातलं वाक्य खरंच आहे. चुनखडक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तापवला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. अगदी शुद्ध दगड १०० किलो घातला तर ५६ किलो चुना हाती येतो, ४४ किलो धुराड्यातून जातो. साधारण ९०० अंश सेल्सिअसला दगड जोमाने वायू सोडायला लागतो. भट्टीत ९०० ते १२०० राखतात, भट्टी कुठली आणि चुना कशासाठी हवा त्यावर ते ठरतं.

पण दगड एकदम सगळा भाजत नाही, बाहेरून आत भाजत जातो. बाहेरचा थर चुना झाला की तो सच्छिद्र होतो, आणि सच्छिद्र चुना उष्णता पुढे न्यायला फार आळशी. गाभ्यापर्यंत आच पोचायची ती ह्या थरातून, आणि गाभ्यातला वायू बाहेर पडायचा तोही ह्याच थरातून. आत वायू कोंडला की दगड उरलेला वायू सोडायला आणखी चढं तापमान मागतो. म्हणजे मोठा धोंडा घातला तर गाभा होईस्तोवर बाहेरचा थर अति भाजला जातो, आणि बाहेरचा सांभाळावा तर गाभा कच्चा राहतो. म्हणून आपल्या धंद्यात आचेपेक्षा दगडाच्या मापावरून जास्त भांडणं होतात. उभ्या भट्टीला ४० ते ८० मिलिमीटर असा, लहान-मोठ्यात दुपटीहून जास्त फरक नसलेला माल द्यावा. क्रशरवाला त्यात १५० चे धोंडे आणि खाली चुरा घालून पाठवतो. धोंडे कच्चे राहतात आणि चुरा हवेच्या वाटा बुजवतो.

आता 'अति भाजणं' म्हणजे काय ते. नुकता वायू निघालेला चुना बारीक बारीक कणांचा असतो, मधे भरपूर मोकळी जागा. दगडाचं बाहेरचं माप जवळपास तेवढंच राहतं, वजन मात्र निम्म्याच्या जरा वर. म्हणून चांगला खडा हातात घेतला की फसवा हलका लागतो. तापमान चढंच ठेवलं किंवा जास्त वेळ ठेवला, तर ते कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, छिद्रं मिटतात, खडा आकसतो. रसायन तेच, कॅल्शियम ऑक्साइडच, पण पाण्याला आत शिरायला वाट नाही. ह्याला हार्ड बर्न म्हणतात. त्याच्याही पुढे गेला तर डेड बर्न, मेलेला चुना. दगडात सिलिका किंवा चिकणमाती असेल तर ती चुन्याशी संयोग पावते आणि कणांवर एक प्रकारची झिलई चढते, मग तर आणखीच बंद.

तुमच्या दुसऱ्या गोणीत बहुधा दोन्ही आहे. थोडा मेलेला आणि थोडा कच्चा.

हार्बरलाइन

काका, हे कुणी शिकवलंच नव्हतं. कच्चा किती आणि मेलेला किती, हे मला प्लांटवर कसं कळेल? आमच्याकडे प्रयोगशाळा म्हणजे पीएच मीटर, वजनकाटा आणि थोडंफार ग्लासवेअर.

भट्टीकर

तेवढं पुरे. आधी सगळे खडे हातात तोलून बघा. भट्टीवरच्या बायका नुसत्या हाताने कच्चे गोटे वेगळे काढायच्या, आणि त्यांचं चुकत नसे. जड लागला की फोडा. मधोमध दगडाचा राखाडी गाभा दिसेल. त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका, फसफसला तर कार्बोनेट, म्हणजे कच्चा. चुना आम्लात विरघळतो, तापतो, पण बुडबुडे सोडत नाही.

मेलेल्याची परीक्षा घड्याळाने. युरोपात पद्धत अशी की २० अंशांचं ६०० ग्रॅम पाणी, त्यात बारीक केलेला १५० ग्रॅम चुना, ढवळत राहायचं आणि ६० अंश गाठायला किती वेळ लागतो ते मोजायचं. दोन मिनिटांच्या आत गाठलं तर मऊ भाजलेला, तुमच्या कामाला उत्तम. सहा-सात मिनिटांच्या पुढे गेला की हार्ड. भांड्याला थर्माकोल गुंडाळा आणि चष्मा घाला. घालाच.

रसशाळा

भट्टीकर काकांना पूरक. मी मूळचा सांगलीचा, साखर कारखान्यात केमिस्ट होतो, आता डोंबिवलीत. आमच्याकडे उसाच्या रसाला चुन्याचं दूध, म्हणजे विरवलेला चुना पाण्यात कालवून, घालतात, गंधकाचा वायू सोडतात, रसाचा सामू ७ च्या आसपास आणून गाळ बसवतात. टनाला दीड-दोन किलो चुना लागतो, पण तेवढ्यातही कच्चा माल आला की गाळणीत खडे, पंपात खडे आणि शिफ्टमध्ये शिव्या.

तुमच्या सर्टिफिकेटची मेख सांगतो. त्यावर 'एकूण' कॅल्शियम ऑक्साइड लिहिलंय का बघा. एकूण म्हणजे कच्च्या गाभ्यात कार्बोनेट म्हणून अडकलेलं कॅल्शियमही त्यात मोजलेलं. कागदावर ८५, कामाला येणार त्यातलं थोडंच. तुम्हाला हवा 'उपलब्ध' चुना. त्याची चाचणी साखरेनेच होते. चुना बारीक दळून साखरेच्या पाण्यात हलवायचा. साखरेच्या द्रावणात चुना झटकन विरघळतो, कार्बोनेट विरघळत नाही. मग फिनॉल्फ्थॅलीन (चुन्याच्या पाण्यात गुलाबी होणारा दर्शक) घालून हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेशन, म्हणजे मोजून थेंब थेंब आम्ल घालत जायचं. गुलाबी रंग गेला की आकडा मिळाला.

मात्र एक लक्षात ठेवा. ह्या चाचणीत नमुना दळलेला असतो, त्यामुळे हार्ड बर्न चुनाही त्यात बऱ्यापैकी पास होतो. म्हणून साखरेची आणि घड्याळाची, दोन्ही परीक्षा घ्या. एकीवर विसंबू नका.

तिसरी_घंटा

गंभीर प्रश्न विचारतो. मुंबई सगळी काळ्या पाषाणावर बसलेली. बेसाल्टातून चुना निघत नाही. मग चुनाभट्टीत भट्ट्या कशाच्या लावत होते? शेजाऱ्यांच्या मत्सराच्या?

गिलावा

ह्यावर मी बोलू शकते, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, बहुतेक फोर्ट-काळाघोडा भागात.

दख्खनच्या लाव्हाने आपल्याला चुनखडक ठेवला नाही हे खरं. महाराष्ट्रात तो बघायचा तर विदर्भात जायला हवं, वणीजवळच्या राजूरला भट्ट्या आहेत, चंद्रपूरकडे सिमेंटचे कारखाने आहेत. देशावर काळ्या मातीत कंकर, म्हणजे चुनखडीचे खडे, मिळतो, तो भाजून बांधकामं झाली. आणि कोकणपट्टीत समुद्राने सोय केली, शिंपले आणि कालवांची कवचं. तीही कॅल्शियम कार्बोनेटच. किनाऱ्यावर शिंपल्यांचे आणि जळणाचे आळीपाळीने थर रचून भाजायचे, ही जुनी पद्धत. वसईच्या किल्ल्याच्या भिंती जवळून बघा, चुन्यात शिंपल्यांचे न विरलेले तुकडे डोळ्यांनी दिसतात.

भट्टीकर काकांचं वाचून आत्ता एक गोष्ट जुळली. शिंपला पातळ असतो, त्याला गाभाच नाही! म्हणून साध्या उघड्या भट्टीतही तो एकसारखा भाजला जात असणार. आमचे जुने गवंडी शिंपल्याच्या चुन्याला 'लोणी' म्हणतात. फक्त भाजण्याआधी मीठ धुऊन काढायला हवं, नाहीतर भिंतीला लोणा लागतो.

कळीचा चुना आम्ही विरवून महिनोन्‌महिने पाण्याखाली ठेवतो. घाई केली की आत राहिलेले हार्ड बर्नचे कण गिलाव्यात जाऊन सावकाश विरतात, फुगतात, आणि रंग दिल्यावर भिंतीवर पुटकुळ्या येतात. क्लायंट म्हणतो पाणी गळतंय. पाणी गळत नसतं, चुना उशिरा जागा झालेला असतो.

भट्टीकर

गिलावाताई, अगदी बरोबर. पातळ आणि एकसारखा माल म्हणजे भट्टीवाल्याचं स्वप्न. शिंपल्याला निसर्गानेच चाळून दिलंय.

नवी_पालवी

बांधकामाच्या परीक्षेत आम्हाला आयएस ७१२, म्हणजे बांधकामाच्या चुन्याचं भारतीय मानक, पाठ करावं लागलं होतं. ए ते एफ असे सहा वर्ग. सी म्हणजे फॅट लाइम (शुद्ध चुना), ई म्हणजे कंकर चुना, ए पाण्याखालीही घट्ट होणारा. कुठल्याही साइटवर आजवर उपयोग झाला नाही, इथे झाला, म्हणून नोंदवतेय.

एक विचारू? उभी भट्टी, रोटरी भट्टी असे शब्द येतात. नेमका फरक काय?

भट्टीकर

उभी भट्टी म्हणजे विटांचं अस्तर असलेला उंच पोकळ मनोरा. वरून दगड पडतो, खालून चुना काढतात, हवा खालून वर चढते. वरच्या भागात वर चाललेला गरम धूर थंड दगडाला तापवतो, मधे जळण जळतं आणि दगड भाजतो, खाली तयार चुना वर येणाऱ्या हवेला स्वतःची उष्णता देऊन थंड होतो. कुणीच उष्णता फुकट घालवत नाही, हे तिचं सौंदर्य. साध्या प्रकारात दगडातच कोळसा किंवा कोक मिसळून टाकतात. स्वस्त पडतं, पण राख आणि गंधक चुन्यात उतरतात.

रोटरी म्हणजे जरा कललेला, सावकाश फिरणारा लांब नळकांडा. एका टोकाने दगड, दुसऱ्या टोकाने ज्वाला. बारीक माल चालतो, सगळीकडून सारखा भाजला जातो, पोलादवाल्यांना आवडतो. पण उष्णता खातो. एक टन चुना करायला रसायनशास्त्राच्या हिशोबाने ३.२ गिगाज्यूलच्या (उष्णतेचं माप) आसपास लागतात, त्याखाली कुणी जाऊ शकत नाही. जुन्या लांब रोटरीला ६ ते ९ लागतात. बाकीचं आपण पनवेलची हवा तापवायला वापरतो म्हणा.

आणि माझी लाडकी, जुळी भट्टी. ऑस्ट्रियातली कल्पना. दोन मनोरे शेजारी, मधे एक आडवी वाट. एकात जळण जळतं, ज्वाला आणि दगड दोघंही वरून खाली एकाच दिशेने जातात. तिथला गरम धूर आडव्या वाटेने दुसऱ्या मनोऱ्यात शिरतो आणि तिथल्या थंड दगडाला तापवत वर जातो. दहा-पंधरा मिनिटांनी पाळी बदलते. ह्यात खुबी अशी की सर्वांत कडक ज्वाला कच्च्या दगडाला भेटते, आणि तो वायू सोडण्यात सगळी उष्णता गिळत असतो म्हणून करपत नाही. खाली जाईस्तोवर चुना तयार होतो, तोवर आच मवाळ झालेली असते. म्हणून चुना मऊ भाजला जातो. खर्च ३.२ ते ४.२ गिगाज्यूल, म्हणजे किमान मर्यादेला जवळजवळ चिकटून. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी ऑपरेटरला चार वेळा तेच विचारलं होतं, 'पाळी बदलताना काय होतं?' तो वैतागला.

कार्बनकाका

एवढा कोळसा जाळण्यापेक्षा भट्ट्या सौर विजेवर चालवल्या तर चुना प्रदूषणमुक्त होईल. ह्यावर कुणी बोलत नाही.

भट्टीकर

जळणाचा वायू वाचेल, दगडातला कसा वाचवणार? टनभर चुन्यामागे ७८६ किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच येतो, आच कशाचीही असो. ४४ भागिले ५६, हिशोब करून बघा. तो धरून ठेवायचा किंवा वापरायचा. मिठापूरच्या सोडा ॲशच्या (धुण्याच्या सोड्याच्या) कारखान्यात भट्टीतला वायूही प्रक्रियेत वापरतात आणि चुनाही. त्यांना दोन्ही हवे असतात म्हणून स्वतःच्या भट्ट्या ठेवतात.

गिलावा

आणि गिलाव्यातला चुना घट्ट होताना हवेतून तोच वायू परत घेतो, दगड होतो. सावकाश घेतो, मुंबईच्या पावसाळ्यात तर फारच सावकाश, पण घेतो.

कार्बनकाका

पण पोलादात घातलेला घेत नाही ना?

भट्टीकर

नाही, तिथे तो सिलिका आणि फॉस्फरसला पकडून धातुमळीत (स्लॅगमध्ये) जातो. टनभर पोलादाला ढोबळमानाने ४० ते ६० किलो. तो मुद्दा तुमचा मान्य.

परळची

विषय तांत्रिक आहे, पण मधे घुसते. मी नेत्ररुग्णालयात परिचारिका आहे. पानाच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब लहान मुलं दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. अशा केसेस खरोखर येतात. चुना आम्लापेक्षा वाईट, कारण तो आत मुरत जातो आणि कण पापणीखाली चिकटून राहतात. काही झालं तरी आधी नळाखाली डोळा धरा आणि भरपूर वेळ धुवा, पापणी उलटून कण काढा, मग रिक्षा शोधा. लिंबू, दूध, तूप असलं काही घालू नका. प्लांटवर काम करणाऱ्यांनी डोळे धुण्याचा नळ टाकीपासून दहा पावलांवर असू द्या, ऑफिसच्या मागे नको.

भट्टीकर

परळचीताईंना दुजोरा. आणि हार्बरलाइन, विरवताना पाण्यात चुना घालायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. थोडंसं पाणी पडलं की चुना त्याची क्षणात वाफ करून उडवतो आणि शिंतोडे थेट तोंडावर. ओला माल बंद ड्रममध्ये भरू नका, फुगून ड्रम फाटतो. पावसाळ्यात ताडपत्री गळाली तर गोण्या आणि लाकूड पेट घेण्याइतकी उष्णता होते. आग लागली तर तिथे कोरडी वाळू, पाणी नाही.

हार्बरलाइन

सगळ्यांचे आभार. घड्याळाची आणि साखरेची परीक्षा घेतली. पहिला माल दीड मिनिटात ६० अंशांवर, उपलब्ध चुना ८१ टक्के. दुसरा दहा मिनिटं झाली तरी ६० ला पोचला नाही, उपलब्ध ६३. जड गोटे फोडले तर निम्म्यांत राखाडी गाभा, आम्लात फसफस. सर्टिफिकेटवर खरंच बारीक अक्षरात 'एकूण' होतं.

पण एक गोंधळ उरलाय. प्रयोगशाळेत दीड मिनिटात तापणारा तोच पहिला माल प्लांटच्या टाकीत आता तेवढा उकळत नाहीये. पहिल्या दिवशी उकळला होता. माल तोच.

रसशाळा

पाणी तेच होतं का?

हार्बरलाइन

पहिल्या दिवशी एमआयडीसीच्या नळाचं होतं. आता पाणी वाचवायला आमचंच शुद्ध केलेलं पाणी परत फिरवतोय.

भट्टीकर

सापडलं. तुमच्याकडे येणारं आम्ल गंधकाम्ल असेल, तर त्या पाण्यात सल्फेट भरपूर असणार. सल्फेट चुन्याच्या कणांवर जिप्समचा थर धरतं आणि विरवणं मंद करतं. विरवायला नळाचंच पाणी घ्या, तयार झालेलं दूध पातळ करायला हवं तर फिरवलेलं वापरा. आणि पाण्याचं माप बघा. एका भाग चुन्याला वजनाने तीन ते चार भाग. टाकीभर थंड पाण्यात मूठभर चुना टाकला तर तो बुडतो, तापतच नाही, कण जाड राहतात आणि तळाला बसतात. टाकी ८० अंशांच्या आसपास चालली पाहिजे.

हार्बरलाइन

हो, गंधकाम्लच आहे. उद्या नळाची लाइन जोडून घेतो.

रसशाळा

खरेदी खात्याला भाव गोणीवर काढू देऊ नका. गोणीचा भाव भागिले उपलब्ध चुन्याचे किलो, एवढाच भागाकार करून द्या. त्यात विरवल्यावर फेकाव्या लागणाऱ्या खड्यांचा वाहतूक खर्च मिळवा, कारण तोही तुम्हीच भरणार.

हार्बरलाइन

भागाकार केला. स्वस्त माल किलोमागे सव्वा रुपयाने महाग निघाला, खडे फेकण्याचा खर्च वेगळाच. आता ऑर्डरमध्ये 'उपलब्ध' हा शब्द, ६० अंशांची वेळ आणि कच्च्या गाभ्याची मर्यादा अशा तीन गोष्टी लिहायच्या ठरल्यात. जून ते सप्टेंबर आठवड्यापुरताच साठा ठेवायचा, असंही मंजूर झालंय. गोदामाचं छप्पर मात्र अजून मंजूर नाही.

तिसरी_घंटा

छपराला चुना लावा.